वाडा पाहायचा की वस्तू? : केळकर संग्रहालयाबद्दल थोडं

पोशीरमधून फोन आला आणि विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, संग्रहालयावर बोलते. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "बाई, पण आपल्याकडे संग्रहालय कुठंय?" खरं आहे, नाही. म्हणूनच पुण्यातल्या एका संग्रहालयाबद्दल बोलणार आहे, आणि बोलता बोलता आपल्याकडे येणार आहे.

आधी एक विचारते. इथले किती जण शनिवारवाड्यात जाऊन आलेत? बघा, जवळजवळ सगळे. सारसबाग? तेच. आणि राजा केळकर संग्रहालय? चार हात. त्यातले शाळेच्या सहलीतून गेलेले किती? तीन. म्हणजे रांगेत उभं राहून, पुढच्याच्या मानेकडे बघत पाहिलेलं. मी चित्रकला शिकवायचे, अशा सहली मीही नेल्या आहेत, त्यामुळे त्यात माझाही दोष आला.

हे संग्रहालय शनिवारवाड्यापासून फार लांब नाही. बाजीराव रस्त्यावर, नातूबागेत. ज्याने हे जमवलं त्याचंच हे राहतं ठिकाण. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६, मृत्यू १९९०. सगळे त्यांना काकासाहेब म्हणत. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. आणि हे लक्षात ठेवा, ते राजे नव्हते, सरदार नव्हते, गिरणीमालकही नव्हते. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी येतात. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर मुद्दाम इमारत बांधून संग्रहालय उभं केलं. त्यात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. पण ते संस्थानिकाचं काम, पाठीशी संस्थान. काकासाहेबांच्या पाठीशी दुकान होतं आणि पत्नी कमलाबाई होत्या. १९२० च्या सुमारास सुरुवात झाली. साठच्या दशकापर्यंत पंधरा हजारांच्या आसपास वस्तू जमल्या. १९७५ मध्ये त्यांनी हे सगळं महाराष्ट्र शासनाच्या हवाली केलं. आज वस्तूंचा आकडा वीस हजारांच्या वर सांगतात, आणि मांडलेल्या आहेत सुमारे अडीच हजार. हा शेवटचा आकडा डोक्यात ठेवा, त्यावर परत यायचंय.

आत गेलात की काय दिसतं? दारं. कोरलेली, उंबऱ्यासकट उचलून आणलेली. दिवे, समया, लामणदिवे. पानाचे डबे, अडकित्ते, गंजिफा, वाद्यं, पैठण शैलीची चित्रं. स्वयंपाकघरातली भांडी. एका ठिकाणी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून पुन्हा उभे केलेत. सहलीतली मुलं तिथेच थांबतात, सिनेमा पाहिलेला असतो ना. मी त्यांना दोष देत नाही. पण माझं मत विचाराल तर तो भाग संग्रहालयातला सगळ्यात कमी केळकरांचा आहे. तो पेशव्यांचा आहे. केळकरांची खरी नजर बघायची असेल तर वज्रीपाशी थांबायचं.

वज्री सगळ्यांना माहीत आहे का? आज्या हसताहेत, म्हणजे माहीत आहे. तरुण मुलींसाठी सांगते. आंघोळीच्या वेळी टाचा घासायची ती खरबरीत वस्तू. आता काय, मॉलमध्ये प्लॅस्टिकच्या दांड्याची मिळते. तर या संग्रहालयात वज्र्या आहेत, आणि त्या वज्र्यांना मुठी आहेत. कुणाच्या मुठीवर पक्षी, कुणाच्या हत्ती, कुणाच्या माणसं. काहींना घुंगरू. म्हणजे टाच घासताना आवाज व्हावा म्हणून घुंगरू! न्हाणीघरात, अंधारात, जिथे दुसरं कुणी बघणार नाही, अशा ठिकाणी वापरायच्या वस्तूवर कारागिराने हत्ती का बसवला असेल? मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा मला हाच प्रश्न पडला होता. देवळातली मूर्ती देवासाठी घडवतात, राजवाड्यातली तलवार लोकांनी बघावी म्हणून. वज्री कुणासाठी? फक्त त्या बाईसाठी. तिच्या दिवसातली दहा मिनिटं तिची स्वतःची, आणि त्या दहा मिनिटांसाठी कुणीतरी इतकी मेहनत घेतली होती.

आणि हे केळकरांना दिसलं, ही गोष्ट मला मोठी वाटते. त्या काळात जाणकार लोक शिल्पं शोधत होते, नाणी, ताम्रपट, शस्त्रं शोधत होते. इतिहास म्हणजे लढाया, सनदा. आणि हा माणूस अडकित्ते गोळा करतोय, बायकांच्या फणेरपेट्या गोळा करतोय. लोक हसले असणार, याबद्दल मला शंका नाही.

आता संग्रहालयाचं नाव. राजा केळकर म्हणजे कुणी राजा नव्हे. राजा हा त्यांचा मुलगा, एकुलता एक, लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हे सगळं. हे कळल्यावर माणूस गप्प होतो. गाईड सांगतात, पर्यटक हळहळतात, आणि मग प्रत्येक वस्तू त्या दुःखाच्या चष्म्यातून बघू लागतात. माझा इथे थोडा आक्षेप आहे. दुःख खरं आहे, पण संग्रहाचं कारण म्हणून ते पुरत नाही. दुःख पुष्कळांना होतं, अडकित्ते कुणी जमवत नाही. केळकरांची नजर ही कवीची नजर होती, लहान वस्तूत रमणारी, आणि तिचं श्रेय त्या नजरेला द्यायला हवं.

बरं, आता टीका. कौतुकच करायचं असतं तर मला बोलावायची गरज नव्हती.

एक. हे घर होतं म्हणतात, पण मला तिथे घर सापडत नाही. लंडनला सर जॉन सोन नावाच्या वास्तुविशारदाचं घर आहे. त्यांनी १८३३ मध्ये पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला, की माझ्यामागे हे घर आणि यातला संग्रह होता तसा ठेवायचा. ते १८३७ मध्ये गेले, घर आजही त्यांचंच वाटतं. बॉस्टनला इझाबेला स्टुअर्ट गार्डनर या बाईंनी १९०३ मध्ये आपला संग्रह लोकांना खुला केला आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की मांडणी बदलायची नाही. १९९० मध्ये तिथून तेरा कलाकृती चोरीला गेल्या, तर चित्रांच्या रिकाम्या चौकटी अजून भिंतीवर तशाच आहेत. हट्ट म्हणा, पण बाई तिथे जाणवते. आपल्याकडे उलट झालं. संग्रह वाढत गेला आणि त्याने घर गिळलं. काकासाहेब कुठे बसून लिहायचे, कमलाबाईंची चूल कुठे होती, नव्याने आलेली समई पहिल्यांदा कुठल्या कोनाड्यात ठेवली, हे त्या दालनांतून फिरताना मला काही उमगत नाही. काचेची कपाटं दिसतात. वीस हजार वस्तू मिळाल्या आणि एक बिऱ्हाड हरवलं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

दोन. वस्तू कुठून आली? कपाटातली पाटी नाव सांगते, काळ सांगते, प्रांत सांगते. पण ज्या बाईच्या हातात ती वज्री होती तिचं नाव सांगायला पाटी पुरत नाही. यात केळकरांचा एकट्याचा दोष नाही. विकणाऱ्यानेच नाव सांगितलं नसेल. घरातली वस्तू विकताना माणूस शक्यतो नाव सांगत नाही, लाज वाटते.

तीन, आणि हे पोशीरला बोलताना जास्त बोचतं. हा संग्रह पितळेचा आहे, तांब्याचा आहे, कोरीव लाकडाचा आहे. टिकणाऱ्या वस्तूंचा आणि नक्षी असलेल्या वस्तूंचा. इरलं मला तिथे दिसलं नाही. तेच इरलं, जे डोक्यावर घेऊन आपल्या आया-आज्यांनी चिखलात वाकून भात लावला. कातकऱ्यांचा मासे धरायचा बांबूचा सापळा दिसला नाही. रोवळी, कणगी, शेणाने सारवलेलं डालगं, यांना कपाट मिळत नाही, कारण चार पावसाळ्यांत त्यांचं खत होतं. म्हणजे 'रोजच्या जगण्याचं संग्रहालय' असं आपण म्हणतो तेव्हा प्रश्न उरतोच, की कुणाचं रोजचं जगणं? ज्याच्या घरी पितळेचा अडकित्ता होता त्याचं. केळकरांनी राजवाड्यातून वाड्यापर्यंत नजर आणली, हे फार झालं. वाड्यातून झोपडीपर्यंत ती आली नाही. ते काम बाकी आहे.

आता तो आकडा. वीस हजारांतल्या अडीच हजारच मांडलेल्या, बाकीच्यांना जागा नाही. म्हणून संग्रहालय बावधनला मोठ्या जागेत न्यायची योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहे. पुण्यात यावर दोन तट पडतात. मला विचाराल तर पूर्वी मी कट्टर विरोधात होते. हैदराबादचं उदाहरण द्यायचे. सालारजंगांचा संग्रह १९५१ मध्ये त्यांच्याच दिवाण देवडीत लोकांसाठी उघडला, नेहरू आले होते उद्घाटनाला. १९६८ मध्ये तो मुसीकाठच्या नव्या इमारतीत गेला. आज तिथे लाखो लोक जातात, पण तास वाजवणाऱ्या घड्याळासमोर बसून मोबाईल वर धरतात. वस्तू तिथे 'नमुना' होते. हातात मावणारी वज्री शंभर फुटी दालनात गेली की तिचं काय होईल?

पण अलीकडे मी थोडी डगमगते आहे. कपाटात बंद असलेली समई पाहायला मिळत नसेल, तर ती वाड्यात आहे की बावधनला, बघणाऱ्याला काय फरक पडतो? माझं आजचं मत असं आहे: दारं, वाद्यं, शस्त्रं, मस्तानी महाल, ज्यांना उंची आणि अंतर लागतं ते सगळं खुशाल न्या. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पानसुपारी, मुलांची खेळणी वाड्यातच ठेवा. आणि रिकाम्या झालेल्या खोल्यांत केळकरांचं बिऱ्हाड परत मांडा. अमेरिकेत बार्न्स संग्रह २०१२ मध्ये फिलाडेल्फियात हलवला, तेव्हा जुन्या खोल्यांची मांडणी भिंतीसकट तशीच नव्या इमारतीत उतरवली. कोर्टकचेऱ्या झाल्या, अजून लोक भांडतात. भांडोत. भांडण आहे म्हणजे कुणाला तरी पर्वा आहे.

आता आपल्याकडे येते. तुम्ही नेरळहून इकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय बघता? फार्महाऊसं. एखाद्याच्या फाटकातून आत डोकवा. जुनं दार दिसेल, पितळी कड्या असलेलं, टेबल म्हणून आडवं टाकलेलं, वर काच. अंगणात दगडी जातं, त्यात फुलझाड. तांब्याच्या हंड्यात छत्र्या. ही सगळी आपल्याच घरांतून गेलेली. माझ्या सासरचं माजघराचं दार असंच गेलं. घर पाडून स्लॅब टाकायची होती, एक गृहस्थ आले, मोटार घेऊन, पैसे ठेवले. आम्ही खूश. ते दार कुणी घडवलं, त्यावरच्या खाचा कसल्या, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. त्या खाचा दिरांच्या उंचीच्या होत्या, दर गुढीपाडव्याला सासूबाई चाकूने करायच्या. सगळ्यांत वरची खाच माझ्या धाकट्या दिरांची, ते नंतर फार जगले नाहीत. आता त्यावर कुणाचा तरी चहाचा कप असेल.

त्या गृहस्थांना मी नावं ठेवत नाही. त्यांना लाकूड आवडलं. केळकरही असेच दारोदार गेले असणार. फरक एवढाच, की केळकरांनी जे नेलं ते शेवटी सगळ्यांसाठी उघडं केलं, तिकीट काढून का होईना, मी ते बघू शकते. आमचं दार मला बघता येत नाही.

(व्याख्यानानंतर सभागृहातल्या एका आजींनी विचारलं, की त्यांच्याकडे सासूची पितळी वज्री आहे, मुठीवर मोर आहे, ती संग्रहालयाला द्यावी का?)

आजी, घाई करू नका. तिथे अशा बऱ्याच आहेत, आणि तुमची कपाटात जायची शक्यता जास्त. आधी नातीला बसवा आणि वहीत लिहून घ्या: सासूबाईंचं नाव, माहेरचं गाव, वज्री लग्नात आली की बाजारातून आणली, किती वर्षं वापरली, कधी बंद केली. मोराची चोच मोडलीय का? कशी मोडली? तेही लिहा. मग ती वही आणि वज्री एकत्र ठेवा. पुढे द्यायची झाली तर दोन्ही एकत्रच द्या, वहीशिवाय देऊ नका. आणि तुमच्याकडे इरलं असेल तर मला आत्ताच सांगा, मी उद्या बघायला येते.