तीन प्रतींचा बेस्टसेलर

शिरोलीत फाउंड्रीवाल्यांसमोर पुस्तकांवर बोलायचं तर एक सोय असते. कास्टिंगमधलं ब्लो होल लांबीनं भरून, वर रंग मारून माल पाठवला तर काय होतं, हे इथं सांगावं लागत नाही. मशिनिंगला लावलं की भोक उघडं पडतं आणि लॉट परत येतो. पुस्तकांच्या धंद्यात मात्र लांबी-रंगाचेच पैसे घेणारी मंडळी आहेत. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे पहिलं पुस्तक घेऊन उभा असलेला लेखक, आणि बऱ्याचदा त्याचा दिवाळीचा बोनस.

त्यांचं पॅकेज बघा. त्यात आयएसबीएनची ‘फी’ असते. हा तेरा अंकी नंबर दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी फुकट देते. ‘कॉपीराइट मिळवून देऊ’ म्हणतात. अहो, १९५७च्या कायद्यानं तो लिहिल्याबरोबर लेखकाचाच असतो, नोंदणी ऐच्छिक.

‘अ‍ॅमेझॉन बेस्टसेलर’ हा सगळ्यात चकचकीत रंग. २०१६ साली एका अमेरिकन मार्केटिंगवाल्यानं स्वतःच्या पावलाचा फोटो पुस्तक म्हणून चढवला. ३ प्रती खपल्या आणि एका आडवाटेच्या वर्गवारीत तो पहिला आला! यादी तासागणिक बदलते. तेवढ्यात स्क्रीनशॉट काढला की झालं.

हे फक्त किरकोळ ठगांचं काम समजू नका. पेंग्विनची तेव्हाची मालक कंपनी पिअर्सन. तिनं २०१२मध्ये ऑथर सोल्युशन्स ही लेखकांच्या खर्चानं पुस्तकं काढणारी कंपनी ११.६ कोटी डॉलरना घेतली. पुढच्याच वर्षी फसव्या सेवा विकल्याचा दावा लेखकांनी न्यूयॉर्कच्या कोर्टात लावला. २०१५मध्ये तो तडजोडीनं मिटला.

स्वखर्चानं पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. छपाईचे पैसे दिले की प्रती मोजून घेता येतात. ‘प्रसिद्धी’चं चलन कुठं असतं? पण माझी तक्रार पैशापलीकडची आहे. विकतचे अभिप्राय वाचा : सगळं ‘काळजाला भिडणारं’, आणि एकाही पात्राचं नाव नाही. तिसऱ्या प्रकरणात गोष्ट सैल पडलीय, हे सांगणारा माणूस त्या लेखकाला भेटतच नाही. पुढचं पुस्तकही त्याच साच्यात ओतलं जातं.

तेव्हा असा फोन आला तर विचारा : कोल्हापुरातल्या कुठल्या दुकानात, किती प्रती ठेवणार, आणि विक्रीचा हिशेब कुठल्या तारखेला देणार? उत्तर लेखी मागा.