‘कन्यादान’ : नाथ देवळालीकरांच्या घरात

आमच्या धर्मग्रामातील युवकमंडळाने यंदाच्या नाट्यवाचनासाठी विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ निवडले, तेव्हा दोन-तीन ज्येष्ठ मंडळींनी माझ्याकडे येऊन नापसंती व्यक्त केली. “फादर, नवरा-बायकोच्या घरातल्या गोष्टी चर्चच्या सभागृहात कशाला?” हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना उत्तर द्यावे म्हणून मी नाटक पुन्हा वाचायला घेतले आणि त्या वाचनाने मलाच अस्वस्थ केले.

१९८३ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकावर मराठीत झालेला वाद बहुतांशी एकाच अंगाने झाला. पत्नीला मारहाण करणारा अरुण आठवले हा दलित कवी आहे, याने अनेकांची मने दुखावली. या नाटकापायी आपल्यावर चप्पल भिरकावली गेल्याचे तेंडुलकरांनीच पुढे सांगितले. याच कृतीला १९९३ सालचा सरस्वती सन्मानही लाभला. त्या आक्षेपात तथ्य आहे. बायकोवर उगारलेला हात कोणत्याही एका जातीचा नसतो, आणि आपल्या बंगल्यांत व वाड्यांत तो कसा उगारला जातो हे आपण जाणतो. परंतु त्या वादामुळे एक सोयही झाली. सारा प्रेक्षक अरुणकडे पाहत राहिला; ज्योतीच्या वडिलांकडे, नाथ देवळालीकरांकडे, फारसे कोणी पाहिले नाही. माझ्या मते नाटक त्यांचे आहे.

नाथ हे समाजवादी नेते. सज्जन, ध्येयवादी, मुलांवर जिवापाड प्रेम करणारे. लेक दलित तरुणाशी लग्न करते म्हणताच त्यांना वाटते, जन्मभर व्यासपीठावरून जे सांगितले ते आज आपल्या घरात अवतरले. सेवा, त्यांची पत्नी, साशंक असते. तिची शंका नाथांना प्रतिगामी वाटते. लग्नानंतर ज्योती माहेरी येते, आता परत जाणार नाही म्हणते. मागोमाग अरुण येतो; दारू प्यालेला, क्षमा मागणारा. ती त्याच्याबरोबर निघून जाते आणि नाथांना लेकीचा अभिमान वाटतो. या प्रसंगी मला पुस्तक मिटून ठेवावे लागले. बापाने मुलीला घराबाहेर काढलेले नाही, एक कठोर शब्दही उच्चारलेला नाही. हा विवाह मोडता कामा नये, एवढेच त्याला वाटते. कारण त्याच्या लेखी तो केवळ ज्योतीचा विवाह नाही, तो एका तत्त्वाचा विजय आहे. शीर्षकाचा अर्थ येथे उलगडतो. लेक जावयाला दिलेली नाही, ती कल्पनेला दिलेली आहे.

पुढे गर्भवती ज्योतीला मार बसतो, तेव्हा नाथांचे डोळे उघडतात. पण तोवर ते स्वतःच अडकलेले असतात. आपण नकार दिला तर त्याचे वळ लेकीच्या पाठीवर उमटतील, या भयाने ते अरुणच्या आत्मचरित्राची जाहीर स्तुती करतात. ती स्तुती खोटी आहे हे ज्योती ओळखते आणि वडिलांना जाब विचारते. तेंडुलकरांच्या लेखणीची ताकद तेथे पूर्णत्वाने दिसते. तरीही एक उणीव मला जाणवते. नाटककाराने ज्योतीसाठी दोनच दारे ठेवली आहेत : बापाचे आणि नवऱ्याचे. शेजारीण, डॉक्टर, वकील, मैत्रीण, कोणीही नाही. सेवा स्वतः सामाजिक कार्यकर्ती असूनही स्वतःच्या मुलीसाठी तिला तिसरे दार सापडत नाही. हा नाटकाचा दोष मानावा की आपल्या समाजाचे चित्र, याचा निर्णय मला करता आलेला नाही.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, सहायक धर्मगुरू असताना, ओठ सुजलेली एक भगिनी माझ्याकडे आली होती. मी तिला प्रार्थना आणि सहनशीलता सांगितली, विवाह संस्काराचे पावित्र्य सांगितले. नवऱ्याला बोलावले, तो रडला. मी दोघांचे हात एकमेकांच्या हातांत दिले. ती पुन्हा माझ्याकडे आली नाही, ते मी समेटाचे यश समजलो. दोन वर्षांनी तिच्या भावाकडून कळले की ती मोडलेला हात घेऊन माहेरी आली होती.

मी तिला जे सांगितले, ते ख्रिस्तसभेचे संपूर्ण शिक्षण नव्हते. जोडीदारापासून शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास वैध कारण आहे, असे १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ११५३ वा नियम म्हणतो. त्याने विवाहबंध तुटत नाही, पण छप्पर बदलता येते. हिंसेच्या प्रसंगी असे विभक्त होणे कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये स्पष्ट केले आहे. सेमिनरीत ही संहिता आम्ही अभ्यासली होती. वाचूनही मी ती त्या बाईपुढे ठेवली नाही, कारण तिच्या संसाराची आकडेवारी माझ्या धर्मग्रामाची शोभा होती. नाथांचे आणि माझे नाते ते हेच.

ज्योतीच्या काळी कायद्याचे दारही अरुंदच होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळवण्याची वाट दिली आणि तिच्या मदतीला संरक्षण अधिकारी नेमले. आपल्या किती घरांना हे ठाऊक आहे? लग्नपूर्व शिबिरात आपण अर्थसंकल्पापासून स्वयंपाकापर्यंत सारे शिकवतो. हे मात्र नाही. पुढच्या शिबिरापासून मी स्वतः त्यावर एक तास घेणार आहे.

ज्येष्ठांना मी सांगितले आहे की नाट्यवाचन सभागृहातच होईल. वाचनानंतर महिला मंडळाच्या दोन भगिनी बाजूच्या खोलीत बसतील. १८१ या महिला हेल्पलाइनचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यांच्याजवळ असतील. खोलीला मागच्या अंगणातून वेगळी वाट आहे. तेथे कोण गेले, हे सभागृहातून दिसत नाही.