मेरी लॉइड आणि एलियटचा प्रेक्षक

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने म्युझिक हॉलच्या गायिकेवर का बोलावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. वाटू द्या. मला तिच्यात अर्थाचा प्रश्न दिसतो.

मेरी लॉइड. खरं नाव मटिल्डा वुड. जन्म १८७०, लंडनच्या हॉक्स्टनमध्ये, कष्टकऱ्यांच्या वस्तीत. १८८५ साली, पंधराव्या वर्षी रंगमंचावर आली. म्युझिक हॉल म्हणजे शांत बसून ऐकायची जागा नव्हे. लोक मधूनच बोलणार, पालुपद गाणार, नाही आवडलं तर ओरडून गप्प करणार. तिथे ही बाई पस्तीसहून जास्त वर्षं टिकली.

तिच्यावर आरोप अश्लीलतेचा. गंमत अशी, की गाण्याचा कागद हातात घेतला तर शब्द बहुतेक सोवळे. बाकीचं काम डोळा मिचकावणं करायचं, किंवा एखाद्या शब्दाआधी थांबणं. आपल्याकडे मम्मटाने व्यंजना सांगताना वक्ता, श्रोता, काकू म्हणजे आवाजाचा हेल, हे सगळं हिशेबात धरलंय. शब्द तपासणाऱ्याला इथे काय सापडणार? अर्धा अर्थ बाईकडे, अर्धा ऐकणाऱ्याच्या मनात! तरी १९१२ मध्ये राजासमोर म्युझिक हॉलचा खास प्रयोग झाला, त्यात तिला घेतलं नाही.

ती १९२२ च्या ऑक्टोबरात गेली आणि टी. एस. एलियटने तिच्यावर लेख लिहिला. हो, तोच, ‘द वेस्ट लँड’वाला. त्याचं म्हणणं असं, की पालुपद म्हणणारा कामगार स्वतःच त्या कलेचा भाग होता. सिनेमात मात्र तो नुसता बसून राहणार. हा विचार मोलाचा आहे, मी वर्गात अनेकदा सांगितलाय. पण आता मला तो अपुरा वाटतो. कारण एलियट मेरीत एक अख्खा वर्ग बघतो, बाई बघत नाही.

१९०७ मध्ये म्युझिक हॉलच्या कलाकारांचा संप झाला. मेरी स्वतः बक्कळ कमावत होती, तरी कमी पगारवाल्यांच्या बाजूने उभी राहिली. म्हणजे समोरच्या गर्दीचं प्रेम वेगळं आणि मालकाशी चाललेला पैशांचा व्यवहार वेगळा, हे तिला पक्कं कळत होतं. एलियटच्या लेखात ह्या मेरीला जागा नाही.

आणि मग एडमंटनचा प्रयोग, ४ ऑक्टोबर १९२२. तब्येत ढासळलेली. शेवटचं गाणं दारू प्यायलेल्या बाईचं. ती खरोखरच झोकांड्या खात होती. लोकांना वाटलं अभिनय आहे, सगळे खूप हसले. तीन दिवसांनी ती वारली, वय ५२. एलियटचा सहभागी प्रेक्षक तो हाच ना? आपला अर्धा अर्थ त्याने नेहमीसारखाच भरला होता. मग चुकलं कुठे? प्रेक्षकाला दोष द्यायला माझं मन होत नाही. वर्षानुवर्षं तिनेच त्याला तसं ऐकायला शिकवलं होतं. पण ह्या भागीदारीत शरीर एकटीचंच खर्ची पडत होतं, हे एलियटने लिहायला हवं होतं.

अंत्ययात्रेला हजारो लोक आले. एडमंटनला हसलेलेही त्यात असतीलच. बरं, थोडं पाणी पितो, मग तुमचे प्रश्न घेऊ.