लायकाचा प्रयोग परीक्षक होऊन वाचा

लायकाची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. मॉस्कोच्या रस्त्यावरची ही कुत्री ३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुटनिक-२ मधून पृथ्वीच्या कक्षेत गेली. आपण ऐकतो, हळहळतो आणि पुढे जातो. आज जरा वेगळं करू. हा प्रयोग म्हणजे तुमच्याकडे तपासायला आलेला शोधनिबंध आहे असं समजा.

प्रश्न चोख होता: कक्षेतल्या वजनरहित अवस्थेत सजीव तग धरतो का? पण वेळापत्रक या प्रश्नावरून ठरलंच नव्हतं. स्पुटनिक-१ गेलं ४ ऑक्टोबरला, आणि ७ नोव्हेंबरला क्रांतीचा चाळिसावा वर्धापनदिन. त्याआधी ख्रुश्चेव्हना दुसरं यान वर हवं होतं. लायकाला परत आणायची सोय नव्हती, म्हणजे उड्डाणानंतरची तपासणी आधीच बाद झाली.

आता निरीक्षणं बघा. उड्डाणावेळी नाडीचे ठोके मिनिटाला १०३ वरून २४० पर्यंत गेले. ते पूर्ववत व्हायला जमिनीवरच्या चाचणीपेक्षा साधारण तिप्पट वेळ लागला. हा परिणाम वजनरहित अवस्थेचा की भीतीचा? पुढे यान आतून तापत गेलं, म्हणजे तिसरं कारण मिसळलं. एकाच प्राण्यावरून ही कारणं वेगळी कशी काढणार? उड्डाणाचा ताण आणि वजनरहित अवस्थेतले काही तास प्राणी सोसू शकतो, एवढं मात्र कळलं. ते नाकारायचं कारण नाही.

सगळ्यात मोठा दोष निष्कर्षात आहे. लायका बरेच दिवस जगली, असं सोव्हिएत बाजूने सांगितलं गेलं. ती ५ ते ७ तासांतच उष्णता आणि ताणाने गेली, हे दिमित्री मालाशेन्कोव्ह यांनी २००२ मध्ये जाहीर केलं. तब्बल ४५ वर्षं चुकीचा निकाल फिरत राहिला! त्या प्रकल्पातले ओलेग गाझेन्को यांनीही १९९८ मध्ये खंत व्यक्त केली. तिच्या मरणाचं समर्थन होईल इतकं आपण शिकलो नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

याउलट ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का आणि स्त्रेल्का दिवसभर कक्षेत राहून जिवंत परतल्या. दोघींची आधीची आणि नंतरची तपासणी ताडून पाहता आली.

आपल्याकडे प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या नीतिशास्त्र समितीला इतकेच प्राणी का, हे पटवून द्यावं लागतं. तो रकाना कटकट म्हणून भरू नका. प्रयोग ठरल्याप्रमाणे पार पडला तरी नेमकं काय कळणार, हे तिथे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर तुमचा आराखडा अजून कच्चा आहे.