रशियाची चित्रे आणि आपली नजर

परदेशच्या कलेचा परिचय आपणांस तिच्या मूळ स्थानी क्वचितच होतो. बहुधा तीच आपल्या दारी येते. आणि दारी येताना ती कोणाच्या हातून आली व कोणत्या गाठोड्यात बांधली जाऊन आली, यावर तिच्याविषयीचे आपले मत पुष्कळ अंशी ठरून जाते. आपण गाठोडे पाहतो आणि देश पाहिला असे समजतो. रशियाच्या चित्रकलेविषयी महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांत जे समज रूढ आहेत, ते तपासून पाहिले असता या विधानाची सत्यता पटेल.

निमित्त असे झाले. गेल्या उन्हाळ्यात जालन्यास एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. जुना वाडा उतरवावयाचा असल्याने माळ्यावरील ट्रंका खाली काढल्या होत्या. रद्दीच्या ढिगाशेजारी मुलांच्या पुस्तकांची एक चळत निराळी ठेवलेली दिसली. पंचवीस-तीस पुस्तके असतील. भाषा मराठी, छपाई मॉस्कोची. बांधणी सैल झाली होती, कागद कडेने पिवळा पडला होता. रंग मात्र बरेचसे शाबूत होते. मी ती चाळू लागलो, तेव्हा स्नेही म्हणाले, "अहो, हा सारा त्यांचा प्रचार. त्यांनी स्वस्तात वाटला आणि आपण घेतला. जाऊ द्या रद्दीत." त्यावर त्यांच्या भगिनी तत्काळ म्हणाल्या, "दादा, यातले एक पानही मी देणार नाही. आपले बालपण आहे ते." भावंडांचा हा वाद बराच वेळ चालला. पण तेवढ्या वेळात दोघांपैकी एकानेही पुस्तक उघडून चित्राकडे पाहिले नाही, ही गोष्ट मला त्या वादाहून अधिक बोलकी वाटली.

ही पुस्तके आपल्याकडे कशी आली, हे प्रथम सांगितले पाहिजे. सोव्हिएत राजवटीत 'प्रगती' या प्रकाशनसंस्थेने, आणि 1982 पासून तिच्यातून निघालेल्या 'रादुगा' या संस्थेने, मॉस्कोत बसून जगातील अनेक भाषांत पुस्तके काढली. त्यांत मराठीही होती. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी हे काम निष्ठेने केले. मुंबईचे लोकवाङ्मय गृह ती पुस्तके विकी, आणि प्रदर्शनांच्या द्वारे ती लहान गावांपर्यंत जात. जालना हे 1981 पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाण होते. 'सोन्याचा पाळणा' म्हणून गावाची ख्याती. पण ती व्यापारउदिमाची. मोठी चित्रप्रदर्शने पाहावयाची तर मुंबई गाठावी लागे. अशा गावातील मुलास रंगीत, निर्दोष छपाईचे आणि खऱ्या चित्रकाराच्या हातचे पहिले चित्र जर कोठे भेटले असेल, तर ते बहुधा या दोन-चार रुपयांच्या पुस्तकांत. 1991 साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ही आवक थांबली.

आता स्नेह्यांचा पक्ष घेऊ. किंमत कमी होती, कारण खर्च सरकार सोशीत होते. आणि सरकार खर्च सोशीत होते, कारण परदेशात आपली प्रतिमा उजळ राहावी अशी त्याची इच्छा होती. हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या चळतीतील काही पुस्तकांत हा हेतू स्पष्ट दिसतोही. गुबगुबीत, लाल गालांची मुले, सदैव हसणारे कामगार, ज्यात सावली पडत नाही असे अंगण: ही चित्रे पाहताना मन विटते. तेथे कोणी रडत नाही, कोणाचे काही हरवत नाही. परंतु सरकारच्या तिजोरीने पुस्तकाची किंमत ठरते, चित्रातील रेषा ठरत नाही. शिवाय ते सरकार चित्रकारांचे नेहमीच मित्र होते असेही नाही.

लेनिनग्राडमध्ये 1920 नंतरच्या दशकात सामुईल मार्शाक हा कवी आणि व्लादिमीर लेबेदेव हा चित्रकार यांनी मिळून मुलांच्या पुस्तकाला नवे रूप दिले. मोजके सपाट रंग, भरपूर कोरा कागद आणि शब्दांच्या तालावर चालणारी चित्रे, असे ते रूप होते. 1929 साली पॅरिसमध्ये सोव्हिएत बालपुस्तकांचे प्रदर्शन भरले. फ्रान्समध्ये पुढे पोल फोशे याने काढलेल्या स्वस्त चित्रपुस्तकांवर त्यांची छाया पडली. इंग्लंडमध्ये नोएल कॅरिंग्टन याने 1940 साली पफिन चित्रपुस्तकांची माला सुरू केली, तिच्याही मुळाशी हेच नमुने होते. परकीयांनी येथे प्रचार घेतला नाही. चित्रकाराने स्वतःच्या हाताने दगडावर वा पत्र्यावर रेखाटून छापखान्यास द्यावे, म्हणजे रंग जिवंत राहतो आणि खर्चही उतरतो, ही कारागिरी घेतली. आणि त्याच लेबेदेवावर 1936 च्या मार्चमध्ये 'प्रावदा' पत्राने चित्रकार नव्हे, रंग फासणारा, अशा आशयाची झोड उठविली. त्यानंतर त्याची पूर्वीची धिटाई पुन्हा दिसली नाही.

आपल्याकडे आलेली पुस्तके या घटनेनंतरच्या काळातील आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे एक कोडे उलगडते. युरोपातील कलासंग्रहालयात हिंडणाऱ्या मनुष्यास 'रशियन चित्र' म्हटले की मालेविचचा 1915 चा काळा चौकोन आठवतो. जालन्यातील वाचकास डोक्याला रुमाल बांधलेली कोल्हीण आठवते. तो काळा चौकोन त्याच्या मायदेशी कित्येक दशके कोठारात पडून होता. तो आपल्याकडे कोठून पाठविला जाणार? एकाच देशाची दोन गाठोडी दोन दिशांना गेली, आणि दोन्ही ठिकाणच्या लोकांनी आपल्या गाठोड्यास रशिया हे नाव दिले.

तथापि एक धागा तुटला नाही. ज्यांची प्राण्यांची चित्रे त्या चळतीत मला सर्वांत सरस वाटली, ते येव्गेनी चारुशीन आणि युरी वास्नेत्सोव हे दोघेही लेबेदेवाच्या हाताखाली तयार झालेले. चारुशीनचे अस्वलाचे पिल्लू पाहावे. त्याला बाह्यरेषाच नाही. कोरड्या कुंचल्याच्या आखूड फटकाऱ्यांनी केस उमटविले आहेत आणि ते कागदाच्या शुभ्रतेत विरत जातात. तरी पिल्लाचे वजन, त्याचा भित्रा आगाऊपणा आणि पावलांचा बोजडपणा यांत काडीची उणीव नाही. हे प्राणी मनुष्यासारखे बोलत नाहीत, उपदेश करीत नाहीत. ज्याला यात प्रचार दिसतो, त्याने चित्र न पाहता मुद्रणस्थळ तेवढे वाचले, असे म्हणावे लागेल.

आता भगिनींचा पक्ष. त्यांच्या प्रेमाविषयी मला आदर आहे. त्या प्रेमानेच ही पुस्तके वाचली. परंतु त्या प्रेमातही एक ग्रह दडलेला आहे. ही बर्फाची राने, ही लाकडी घरे, ही अस्वले म्हणजे रशियाचा आत्मा, असे आपण मानून चालतो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आणि म्हणूनच अधिक रम्य आहे. वास्नेत्सोवच्या चित्रांनी नटलेली 'तीन अस्वले' ही गोष्ट घ्या. ती टॉलस्टॉयने सांगितलेली. पण तिचे मूळ इंग्रजी आहे, आणि सदे या इंग्रज कवीने ती 1837 साली छापून प्रसिद्ध केली होती. टॉलस्टॉयने अस्वलांना मिखाइलो इवानिच, नस्तास्या पेत्रोव्हना अशी अस्सल घरगुती नावे दिली आणि परकी गोष्ट रशियन करून टाकली. वास्नेत्सोव हा व्यात्का प्रांतातला. तेथील मातीच्या रंगीत खेळण्यांची झळाळी त्याने गडद रानात आणि मोठमोठ्या फुलांत उतरविली. परक्या गोष्टीला स्वतःच्या गावची माती लावणे हे खरे कौशल्य. त्याच्याही पूर्वीचा इवान बिलिबिन पाहा. लोककथांची त्याची चित्रे जगभर रशियनपणाची खूण ठरली. पण त्याच्या रेखीव किनारींत रशियन जत्रेतील स्वस्त छापील चित्रांबरोबर जपानी ठशांचेही ऋण आहे. जत्रेतील ती चित्रे म्हणजे आपल्या चित्रशाळा प्रेसच्या तसबिरींची दूरची भावंडे. फार काय, एकात एक बसणारी जी लाकडी बाहुली आज रशियाचे प्रतीक म्हणून दिवाणखान्यात मिरवते, तिचे वय अवघे सव्वाशे वर्षांचे आहे. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मॉस्कोतील एका कारखान्यात घडली आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात पदक मिळवून जगप्रसिद्ध झाली.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्याच चळतीत हातमोज्याची गोष्ट होती. म्हाताऱ्याचा हातमोजा रानात पडतो. उंदीर, बेडूक, ससा, कोल्हीण, लांडगा, रानडुक्कर आणि शेवटी अस्वल एकामागून एक त्यात राहावयास येतात. येव्गेनी राचेव याने 1951 साली तिची चित्रे काढली, ती पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी डोक्यावर घेतली. प्राण्यांची अंगे प्राण्यांचीच. पोशाख मात्र खेड्यातील माणसांचे. (राचेवच्या पुढील पुस्तकांत हाच डाव पुनःपुन्हा येऊन थोडा गोडसर होतो, हेही सांगितले पाहिजे.) ही गोष्ट युक्रेनची आहे. आपण मात्र तिला रशियन गोष्ट म्हणत आलो. जसे किर्गिझ असलेल्या चिंगीज ऐत्मातोवला बिनदिक्कत रशियन लेखक म्हणत आलो. गाठोड्यावर मॉस्कोचा शिक्का होता, म्हणून आतील सर्व वस्तू मॉस्कोच्या ठरल्या. 2022 साली युक्रेनवर स्वारी झाल्यानंतर युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांना हा प्रश्न टाळता आला नाही. लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाने देगाच्या 'रशियन नर्तकी' या चित्राचे नाव त्याच वर्षी 'युक्रेनियन नर्तकी' असे केले. काहींना हा राजकारणाचा अतिरेक वाटला. मला वाटते, उशिरा का होईना, शिक्का बाजूस सारून आतील वस्तू पाहण्याचा तो प्रयत्न होता. मात्र त्याच झपाट्यात रशियन ते सारे त्याज्य असे म्हणणे म्हणजे पुन्हा शिक्काच पाहणे होय. चारुशीनच्या पिल्लाने कोणावर स्वारी केलेली नाही.

आपणांस हा न्याय सहज समजावा. कारण आपणही पाहिले गेलेलो आहोत. जालन्याच्या शेजारच्याच जिल्ह्यात अजिंठा आहे. जगाने अजिंठा प्रथम पाहिला तो नकलांतून. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक 1866 साली लंडनच्या स्फटिकप्रासादातील आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी यांनी 1872 पासून केलेल्या नकलांचा मोठा भाग 1885 च्या आगीत गेला. पुढे अ‍ॅना पाव्हलोवा या रशियन नर्तकीने अजिंठ्यावरून स्फूर्ती घेऊन 1923 साली लंडनच्या रंगभूमीवर एक नृत्य सादर केले. त्या प्रेक्षकांपैकी किती जणांनी वाघोरेच्या काठची ती अंधारी लेणी, वाकाटकांचा काळ आणि भिक्षूंचा विहार यांचा विचार केला असेल? त्यांना 'पूर्वेकडील' रंग दिसले, ते संतुष्ट झाले. आपण यावर हसतो; पण रुमाल बांधलेल्या कोल्हिणीकडे पाहून 'रशियाचा आत्मा' म्हणणारे आपण त्यांच्याहून फारसे निराळे नाही.

मग परकी कला पाहावी तरी कशी? साने गुरुजींनी मराठीत आणलेल्या 'कला म्हणजे काय?' या टॉलस्टॉयच्या ग्रंथात एक कसोटी आहे: कलावंताची भावना दुसऱ्याच्या मनात संक्रांत झाली पाहिजे, आणि ती साध्यासुध्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे. या कसोटीने टॉलस्टॉयने अनेक थोर कृती अन्यायाने मोडीत काढल्या, आणि तिचा हा एकांगीपणा मला मान्य नाही. पण या पुस्तकांना ती लावून पाहण्यासारखी आहे. ज्याने बर्फ पाहिला नाही, ज्याला रशियन लिपीचे एक अक्षर येत नाही, अशा मराठवाड्याच्या उन्हातील मुलाला हातमोज्यातील ऊब जाणवली. चित्रकाराचे काम येथे सिद्धीस गेले. प्रचार फसला असेल, राज्य लयाला गेले, ऊब राहिली.

परंतु मुलाने जे केले तेवढ्यावर प्रौढ वाचकाने थांबू नये. त्या दिवशी मी भगिनींना विचारले, "ताई, ही चित्रे कोणी काढली?" त्यांना सांगता येईना. पन्नास वर्षे ज्या अस्वलावर त्यांनी माया केली, त्याच्या कर्त्याचे नाव त्यांनी कधी वाचले नव्हते. आणि ते आतल्या पानावर, अनुवादकाच्या नावाजवळ, स्वच्छ देवनागरीत छापलेले होते. यात त्यांचा एकटीचा दोष नाही. आपल्याकडे दिवाळी अंकांमुळे दीनानाथ दलालांचे नाव घरोघर झाले, हा अपवाद. एरवी मुलांच्या पुस्तकाचा लेखक आपण विचारतो, चित्रकार विचारीत नाही. 'किशोर'चे अंक 1971 पासून आपल्या घरांत येत आहेत. त्यांतील किती चित्रकारांची नावे आपण मुलांना सांगू शकू?

एखाद्या देशाची कला, असे आपण म्हणतो तेव्हा ती नेहमी कोणा एकाच्या हातची असते. तो हात व्यात्काचा असेल, लेनिनग्राडचा असेल, कीव्हचा असेल. त्याला सरकारने पोसले असेल वा झोडपले असेल. नाव वाचले की गाव विचारावेसे वाटते. गाव कळले की शिक्का आपोआप फिका पडतो. मग तिरस्कारही निराधार ठरतो आणि भाबडे प्रेमही डोळस होते.

पुस्तके रद्दीत गेली नाहीत. स्नेह्यांनी चष्मा लावून हातमोज्याचे पुस्तक आतल्या पानावर उघडले आणि राचेवचे नाव दोनदा मोठ्याने वाचले. मत बदलल्याचे त्यांनी कबूल केले नाही; पण ते पुस्तक त्यांनी ढिगापासून दूर, खिडकीत ठेवले.