महाजालावरील नव्या सामाजिक सेवा आणि खान्देशी बोलींतील लेखन : एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाजालावर अवतरणारी प्रत्येक नवी सेवा मराठी भाषकांनी उत्साहाने वापरून पाहिली आहे. १९९६ मध्ये 'मायबोली' सुरू झाले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. पुढे २००४ मध्ये 'मनोगत' आणि २००७ मध्ये 'मिसळपाव' आले. याच सुमारास महाविद्यालयीन तरुणांची गर्दी ऑर्कुटकडे वळली होती. या घडामोडींविषयी मराठीत झालेले लेखन बहुतांशी स्वागतपर आहे. त्यात दोन कसोट्या प्रामुख्याने दिसतात : मराठीत सहज टंकता येते काय, आणि वाचक लाभतो काय. लिहिलेला मजकूर उद्या त्या सेवेतून बाहेर काढता येईल काय, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला गेला. प्रमाण मराठीच्या बाबतीत ही उणीव एक वेळ खपून जाते, कारण तिच्यामागे छापील ग्रंथांचा मोठा साठा उभा आहे. अहिराणी आणि लेवा गणबोली यांच्यामागे तो तेवढा नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा नोंदविणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार आहे. एवढ्या लोकांच्या बोलीतील नवे लेखन आज मुख्यतः अशा सेवांवरच होत असेल, तर तिसरी कसोटी सर्वांत आधी लावणे भाग आहे.

साधनांची बाजू :

साधने घडविणाऱ्यांचे ऋण मान्य केल्याशिवाय या विषयाची चिकित्सा न्याय्य ठरणार नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक टंकाची संकेतव्यवस्था वेगळी असे. एका टंकात लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग म्हणून उमटे. ओंकार जोशी यांच्या 'गमभन' सारख्या सुविधेमुळे रोमन कळा दाबून थेट संकेतस्थळावरच देवनागरी उमटविता येऊ लागली. ज्यांनी कधी टंकलेखन शिकले नव्हते, ते त्यामुळे लिहिते झाले. हौशी प्रयोगशीलतेचे हे यश निःसंशय मोठे आहे.

तथापि प्रयोगांच्या घाईचे काही अवशेष मजकुरातच राहून गेले. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत 'अ' ला चंद्र जोडून काम भागविले जाई. 'दऱ्या' मधील अर्धा र आजही दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, पण शोधयंत्राने दोन्ही रूपे जुळवून घेतली नाहीत, तर एका रूपाचा शोध घेताना दुसरे सापडत नाही. ग्रंथपालाने एकच पुस्तक दोन नावांनी दोन कपाटांत ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

बोलीच्या दृष्टीने याहून सूक्ष्म अडचण शब्दसूचना देणाऱ्या कळफलकांची आहे. फैजपूर परिसरात 'ळ' च्या जागी 'य' येतो. डोळा हा 'डोया' होतो, शाळा 'शाया' होते. सूचनांचा शब्दसंग्रह प्रमाण मराठीवर उभा असला, तर बोलीतले रूप त्याला टंकनदोष वाटते. लिहिणारा घाईत सूचना स्वीकारतो आणि बोलीचा शब्द उमटण्याआधीच प्रमाण होतो. मुद्रितशोधकाच्या लेखणीवर आक्षेप तरी घेता येत असे. येथे दुरुस्ती झाल्याचेही लक्षात येत नाही.

सेवांचा अंत :

अमेरिकेतील जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी, तर ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी थांबले. ऑर्कुटवरील सार्वजनिक चर्चांचा संग्रह काही काळ पाहता येत होता. नंतर तोही हटविण्यात आला. याहू ग्रुप्सचा अस्त २०२० चा. या सेवा परकीय होत्या म्हणून असे घडले, असा युक्तिवाद होऊ शकतो. परंतु भारतीय भाषांसाठीच जन्मलेली, मराठीचाही समावेश असलेली 'कू' ही स्वदेशी सेवा २०२० मध्ये सुरू होऊन २०२४ मध्ये बंद पडली. तेव्हा प्रश्न मालकाच्या देशाचा नसून लेखकाच्या हाती काय उरते याचा आहे.

विकसकांची साधनेही या नियमाला अपवाद नाहीत. एपीआय म्हणजे एका संगणकप्रणालीने दुसरीकडे मजकूर मागावा यासाठी ठेवलेला दरवाजा. तो उघडा असेल तोवर अभ्यासकाला बोलीच्या नोंदी गोळा करता येतात. ट्विटरने हा विनामूल्य दरवाजा २०२३ मध्ये मिटला, तेव्हा त्यावर बेतलेले अनेक अभ्यास अडले. विकिपीडियाची व्यवस्था येथे उजवी ठरते. तिचा संपूर्ण साठा कोणालाही उतरवून घेता येतो आणि मुक्त परवान्यामुळे तो अन्यत्र मांडताही येतो. खेदाची बाब अशी की, मराठी विकिपीडिया विश्वकोशीय असल्याने तेथे प्रमाण मराठीच अपेक्षित आहे. ओवी, उखाणा, बोलीतील आठवण यांना तेथे जागा नाही. जे घर सर्वांत सुरक्षित, तेथे बोलीचे लेखन मावत नाही. जेथे ते मावते, त्या व्हॉट्सॲपच्या गटांत मजकुराला कायमचा पत्ता नसतो.

वहीचा दाखला :

जळगाव जिल्ह्याला या संदर्भात एक जुना दाखला उपलब्ध आहे. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि आप्तांनी उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. जे उतरविले गेले नाही ते हरवले. येथे वही कोणाच्या हाती होती, ही गोष्ट लक्षणीय आहे : ती घरात होती, उघडता येत होती, दुसऱ्याला दाखविता येत होती.

नव्या सेवा वापरूच नयेत, असा या विवेचनाचा अर्थ नाही. वाचक तेथेच आहे. परंतु बोलीतील संकलनाचे काम विद्यार्थ्यांवर सोपविणाऱ्या भाषा विभागांनी क्रम बदलावयास हवा. आज आधी गटात मजकूर टाकला जातो आणि जमले तर पुढे जपला जातो. त्याऐवजी प्रथम युनिकोडमधील साधी धारिका तयार व्हावी. शब्दसूचना बंद करून ती टंकावी. सांगणाऱ्याची संमती, गाव आणि तारीख तिच्यात नोंदवावी. तिची एक प्रत ग्रंथालयात दाखल झाल्यावरच मजकूर जी सेवा त्या वर्षी लोकप्रिय असेल तेथे जावा. यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. परिग्रहण नोंदवहीत एक जादा रकाना आखला की पुरे.