‘भाटघर धरण’, पण कुठलं?

सारोळ्याच्या पुलाखालच्या नीरेत भाटघरचं पाणी येतं. त्या धरणाचं जुनं फोटो-पोस्टकार्ड मिळालं की आपण मथळा वाचून मोकळे होतो. पद्धत इथेच चुकते. येळवंडीवर धरणं दोन झाली: एकोणिसाव्या शतकातलं व्हायटिंग, आणि १९२८ मध्ये पूर्ण झालेलं लॉइड, ज्याच्या जलाशयात पहिलं बुडालं. कार्डावर टपालाचा शिक्का १९२५ चा असेल, तर पूर्ण झालेलं लॉइड बाद. पण शिक्का १९३० चा असेल, तर काहीच ठरत नाही. जुन्या निगेटिव्हवरून कार्ड नंतरही काढता येतं. मग चित्रच तपासा: सांडवा कुठे, जवळच्या टेकडीमागे लांबचा डोंगर कुठे येतो. लक्षात ठेवा, मथळा हा पुरावा नसतो, दावा असतो.